विजेचे बिल आणि ज्येष्ठांची प्रकृती

डॉक्टरने विजेच्या बिलावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. बिलाचा संबंध वायरमनशी आणि वीज कंपनीशी. दवाखान्याशी त्याचे काय नाते? परंतु सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या टेबलावर हा विषय दर ऋतूत येतो. उन्हाळ्यात चक्कर येऊन आलेल्या आजींना विचारावे, "दुपारी पंखा लावता ना?" तर उत्तर मिळते, "एकटीसाठी कशाला उगाच?" पावसाळ्यात मनगट किंवा खुबा मोडलेले आजोबा सांगतात, "अंधारात उंबरा दिसला नाही." हिवाळ्यात दम्याचे रुग्ण पहाटे गार पाण्याने आंघोळ करून धापा टाकत येतात. आजार वेगवेगळे असले तरी त्यांच्यामागे पुष्कळदा एकच कारण असते: वीज वाचवण्याची धडपड.

ही धडपड हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या पिढीने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे, रेशनच्या रॉकेलसाठी रांगा लावल्या आहेत. वापरात नसलेला दिवा मालवणे हा त्यांच्या अंगवळणी पडलेला संस्कार आहे. त्यात अनेकांना निवृत्तिवेतन नाही, किंवा आहे ते तुटपुंजे. बिल मुलगा भरत असेल तर "आपल्यामुळे त्याच्यावर भार नको" हा संकोच आणखी निराळा. या सर्वांचा आदर ठेवूनच मला एक गोष्ट सांगायची आहे. ज्येष्ठ मंडळी ज्या वस्तू बंद करून बचत करू पाहतात, त्या वस्तूंना बहुधा फारच थोडी वीज लागते. आणि ज्या वस्तू खरोखर वीज खातात, त्यांच्याकडे घरात कोणाचेच लक्ष नसते. म्हणजे प्रकृतीही बिघडते आणि बिलही उतरत नाही. हे टाळायचे तर थोडे अंकगणित समजून घ्यावे लागेल.

एक युनिट म्हणजे किती?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. म्हणून उपकरणावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला तासांनी गुणावे आणि एक हजाराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे युनिट. नातवाला शेजारी बसवून हा हिशेब एकदा केला, तर घराचे सारे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून या लेखात सोयीसाठी एका युनिटला सर्व आकारांसह १० रुपये असा ठोकळ भाव धरू. आपल्या बिलाची एकूण रक्कम वापरलेल्या युनिटांनी भागली की आपल्या घरचा खरा भाव निघेल.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी वापराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पुढच्या टप्प्याचा दर अधिक असतो. "१०० च्या वर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो," असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. चढा दर केवळ त्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो. याचा दुसरा अर्थ असा की, आपण वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते. म्हणून जेथे युनिट पुष्कळ आहेत तेथे केलेली बचत मोलाची ठरते.

रात्रीचा दिवा: दीड रुपयाची बाब

प्लगमध्ये बसणारा छोटा एलईडी दिवा साधारण अर्ध्या वॅटचा असतो. तो रोज रात्री १० तास जळला तर महिन्याला ०.१५ युनिट, म्हणजे दीड रुपया. वर्षाचे झाले १८ रुपये.

आता दुसरी बाजू पाहा. साठीनंतर डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो. मधुमेह, प्रोस्टेटची वाढ किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे रात्रीतून दोन-तीन वेळा उठावे लागते. अंथरुणातून एकदम उठताना रक्तदाब घसरतो आणि झोप आणणारी गोळी घेतली असेल तर पाय लटपटतात. अशा अवस्थेत अंधारातून मोरीपर्यंतची दहा पावले ही दिवसभरातील सर्वांत धोक्याची वाट असते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असल्याने साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरुणावरचे दिवस, फुप्फुसाचा संसर्ग आणि कित्येकांच्या बाबतीत कायमचे परावलंबन. हे सारे दीड रुपयाच्या समोर ठेवून पाहावे.

तथापि एक सूचना येथेच करतो. आपल्याकडे ज्याला "झिरोचा बल्ब" म्हणतात, तो जुना तारेचा बल्ब शून्य वॅटचा नसतो. तो साधारण १५ वॅट वीज घेतो आणि महिन्याला साडेचार युनिट खातो. तो काढून एलईडी दिवा लावावा. एक दिवा पलंगाजवळ, एक वाटेत आणि एक संडासाच्या दारापाशी, असे तीन दिवे रात्रभर जळले तरी त्या एका जुन्या बल्बच्या दहाव्या भागाइतकीच वीज लागेल. उजेड वाढवून वीज वाचते, ती अशी.

पंखा, कूलर आणि उन्हाळा

जुन्या धाटणीचा छताचा पंखा पूर्ण वेगाने साधारण ७५ वॅट वीज घेतो. रात्री १० तास चालला तर पाऊण युनिट, म्हणजे साडेसात रुपये. ही रक्कम दिव्यापेक्षा मोठी आहे हे खरे. पण तिच्यासाठी उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

उतारवयात शरीराची थंड होण्याची व्यवस्था मंदावते. घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, त्वचेकडे रक्त नेण्याचे हृदयाचे बळ घटलेले असते. त्यातच रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसेच कंपवात, मूत्राशय आणि मानसिक आजारांवरील काही औषधे शरीरातील पाणी तरी कमी करतात किंवा घाम तरी रोखतात. अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत; पण उन्हाळा लागण्यापूर्वी ती एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावीत.

उष्णता किती जीवघेणी ठरते, याचे आपल्या शेजारचे उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत त्या शहरात एरवीच्या तुलनेत सुमारे १,३०० अधिक मृत्यू झाले. त्या अनुभवानंतर २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० लोक दगावले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि अनेक जण घरात एकटेच होते. ऊन डोक्यावर घेतलेल्यालाच उष्माघात होतो, हा समज सोडून द्यायला हवा. पत्र्याच्या छपराखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत, पंखा न लावता बसलेल्या वृद्धालाही तो होतो.

येथे पंख्याचे काम कसे चालते ते समजून घ्यावे. पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्यामुळे आपल्याला गारवा मिळतो. म्हणून ज्या वृद्धांना घामच कमी येतो, त्यांना विदर्भातल्या ४२-४४ अंशांच्या कोरड्या दुपारी नुसता पंखा पुरत नाही. तो गरम झळाच अंगावर टाकतो. अशा वेळी हातपाय, मान आणि पाठ ओल्या फडक्याने पुसावी, अंगावर ओला पंचा घ्यावा आणि मग पंख्याखाली बसावे. पाण्याची ही युक्ती जवळजवळ फुकट आहे.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील कोरड्या हवेत कूलर हे उत्तम साधन आहे. घरगुती कूलर साधारण १५० ते २०० वॅटचा असतो. १० तासांना दीड ते दोन युनिट. मात्र तो चालू असताना खिडकी किंचित उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. त्यातील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि लोखंडी कूलरला अर्थिंग असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. चालू कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून दरवर्षी माणसे दगावतात. आधी प्लग काढावा, मगच पाणी भरावे.

मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही. तेथे हृदयविकार किंवा दम्याचे रुग्ण असलेल्या घरात एसी ही चैन राहत नाही. दीड टनाचा बऱ्यापैकी तारांकित इन्व्हर्टर एसी रात्रीच्या आठ तासांत साधारण ५ ते ८ युनिट घेतो. खोली, छप्पर आणि बाहेरचे तापमान यांनुसार हा आकडा बदलतो. तो १८ वर ठेवून चादर ओढण्यापेक्षा २६ वर ठेवून पंखा मंद लावावा. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार तापमानाची सूची एका अंशाने वाढवली की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी आपोआप २४ अंशांवर सुरू होतील अशी व्यवस्था सक्तीची झाली, ती याच कारणाने. वृद्धांच्या सांध्यांनाही २६ अंशच मानवतात.

एक खूण घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, गुंगीत गेली आणि अंग तापलेले लागले, तर तो साधा ताप समजून पॅरासिटामॉल देत बसू नये. अंगावर पाणी टाकून वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गरम पाणी: खरा खर्च आणि खरे धोके

बहुतेक घरांत खरे युनिट गिझरमध्ये असतात. सामान्य गिझर २,००० वॅटचा असतो. तो अर्धा तास तापत राहिला की एक युनिट गेले. घरात पाच माणसे वेगवेगळ्या वेळी उठत असतील आणि गिझर सकाळभर चालू राहत असेल, तर टाकीतली उष्णता बाहेर झिरपत राहते आणि पाणी पुन्हा पुन्हा तापत राहते.

याचा उपाय गार पाणी नव्हे. गार पाणी अंगावर पडताच रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्या ज्येष्ठांनी हिवाळ्यात कोमट पाण्यानेच स्नान करावे. १५ लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला जेमतेम पाव युनिट लागते, म्हणजे अडीच रुपये. खर्च आंघोळीचा नसतो, गिझर विसरण्याचा असतो. थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवावा, सर्वांच्या आंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि शेवटच्याने बटण बंद करावे. शॉवरपेक्षा बादलीला पाणी कमी लागते, आणि ज्येष्ठांनी स्टुलावर बसून बादलीतून आंघोळ करणे अधिक सुरक्षितही आहे. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, नंतर गरम सोडावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या व्यक्तीने पाणी पायाने पाहू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी कोपराने पाहून द्यावे.

बचतीच्या नावाखाली दोन गोष्टी घरात येतात, त्यांबद्दल मला निक्षून सांगायचे आहे. पहिली म्हणजे बादलीत सोडायचा हीटर रॉड. तेवढेच पाणी तेवढेच तापवायला रॉडलाही तेवढीच वीज लागते. त्यात जादू काही नाही. उलट ओल्या मोरीत, उघड्या बादलीत, विसराळूपणा आलेल्या वयात तो हाताळणे म्हणजे मृत्यूशी खेळ आहे. घरात ज्येष्ठ असतील तर रॉड ठेवूच नये. त्याबरोबरच मुख्य बोर्डावर गळतीची वीज ओळखून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे बंद न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, पाय गळतात आणि दार उघडण्याआधीच माणूस कोसळतो. गॅस गिझर वापरायचाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत नळाने केवळ पाणी यावे.

फ्रीज रात्री बंद करू नये

काही घरांत रात्री फ्रीज बंद करण्याची पद्धत आहे. त्यातून बचत नगण्य होते, कारण सकाळी चालू केल्यावर आत शिरलेली उष्णता काढण्यासाठी कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो. तोटा मात्र मोठा होतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे लागते. रोजच्या चढउताराने त्याची शक्ती कमी होते, आणि बाटलीकडे पाहून ते कळतेच असे नाही. गोळ्या-पथ्य नीट असूनही साखर वर राहते, तेव्हा मी आता फ्रीजबद्दलही विचारतो. काचबिंदूचे काही थेंबही उघडण्यापूर्वी थंड ठेवावे लागतात. रात्रभर कोमट झालेले वरण आणि दूध वृद्धांच्या पोटाला बाधते, हे वेगळेच.

वापरात असलेले इन्सुलिनचे पेन किंवा बाटली साधारणतः चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, पण माहितीपत्रकावरील मर्यादा पाहावी. उन्हाळ्यात ओल्या मातीच्या मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा डबीत, ते ठेवता येते. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याशेजारी मात्र कधीच ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

फ्रीजमध्ये बचत करायची तर दाराचे रबर तपासावे. दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे. फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा, गरम भांडी आत ठेवू नयेत आणि बर्फाचा थर साचू देऊ नये. फ्रीज पंधरा-वीस वर्षांचा असेल तर बदलण्याचा विचार करावा. नव्या फ्रीजच्या तारांकन पट्टीवर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा छापलेला असतो; विकत घेताना ताऱ्यांइतकाच तो आकडाही वाचावा.

रुग्णाची उपकरणे: येथे काटकसर नको

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हवेच्या गादीचा पंप साधारण ८ वॅटचा असतो. तो चोवीस तास, महिनाभर चालला तरी सहा युनिटांच्या आत, म्हणजे ६० रुपयांच्या आसपास खर्च येतो. "रात्री झोपेतच आहेत" म्हणून तो बंद केला तर हवा उतरते, एकाच जागी दाब पडत राहतो आणि पाठीला किंवा माकडहाडाशी जखम होते. ती भरून यायला महिने लागतात. पंप बंद करू नये, आणि तो चालू असतानाही दर दोन तासांनी कूस बदलणे चुकवू नये.

नेब्युलायझर १२० वॅटचा धरला आणि दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे चालवला, तर महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. त्याची एकही पाळी बिलासाठी गाळू नये.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा खर्च मात्र खरोखर मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. पाच लिटरचे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते. रोज १६ तास चालवले तर साडेपाच युनिटांहून अधिक, महिन्याला १६८ युनिट. अनेक घरांत हा आकडा पाहून तास कमी केले जातात: दिवसा बंद, पाहुणे आले की बंद, झोप लागली की बंद. १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि ब्रिटनमधील अभ्यासांनी दाखवून दिले आहे की, फुप्फुसाच्या जुनाट आजारात ज्यांना कायमस्वरूपी ऑक्सिजनची गरज आहे, त्यांचे आयुष्य दिवसातील किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने वाढते. हे तास म्हणजे औषधाची मात्रा आहे. ती बिलाकडे पाहून ठरवता येत नाही. यंत्राची गाळणी स्वच्छ ठेवावी, डॉक्टरांनी सांगितलेला प्रवाह बदलू नये, आणि वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात ठेवावा. यंत्राचा खर्च घरातील इतर ठिकाणांहून भरून काढावा. तो कोठून, ते आता पाहू.

खरी बचत कोठे आहे?

पंखे बदलावेत. बीएलडीसी प्रकारचा पंखा पूर्ण वेगाने साधारण ३० वॅट घेतो. रोज १६ तास चालणारा ७५ वॅटचा जुना पंखा बदलला की महिन्याला २१ युनिटांहून अधिक, म्हणजे दोनशेवर रुपये वाचतात. त्याची किंमत वर्ष-दीड वर्षात वसूल होते, आणि मुख्य म्हणजे आजींना पंखा लावताना मनाला टोचणी राहत नाही. त्याच्या रिमोटमुळे रात्री उठण्याचे श्रमही वाचतात. पण सर्व पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. सर्वाधिक वेळ चालणाऱ्या पंख्यापासून सुरुवात करावी.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स भिंतीच्या बटणावर बंद करावा. रिमोटने बंद केला तरी तो वीज घेतच असतो. १० वॅटचा बॉक्स रोज १८ तास असा नुसता पडून राहिला, तर महिन्याला ५.४ युनिट गेले. तेवढ्या विजेवर पलंगाजवळचा छोटा दिवा तीन वर्षे जळेल! बटण वाकून दाबावे लागत असेल तर कमरेच्या उंचीवर काढून घ्यावे.

जुन्या पट्टीच्या ट्यूब काढून एलईडी पट्ट्या लावाव्यात. त्यांनी वीज निम्म्याहून कमी लागते आणि उजेड लगेच मिळतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तो मानवतोही.

स्वतःचे छप्पर असेल तर सौरऊर्जेचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. एक किलोवॅटचे संच आपल्या हवेत महिन्याला साधारण शंभर युनिटांच्या घरात वीज देतात. मात्र एक गोष्ट रुग्ण असलेल्या घरांनी ध्यानात घ्यावी: बॅटरी नसलेला, वीज कंपनीच्या वाहिनीला जोडलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. ऑक्सिजनसाठी तो पर्यायी व्यवस्था ठरत नाही.

आणि प्लगमध्ये लावला की बिल निम्मे होते, असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्या घेऊ नयेत. घरगुती बिल वापरलेल्या युनिटांवर असते. त्या डबीने युनिट कमी होत नाहीत.

घरातल्यांनी काय करावे?

आईवडिलांना "बाबा, पंखा का बंद केला?" असे दरडावून काही साधत नाही. त्यांची काटकसर हा त्यांचा स्वाभिमान असतो. त्यापेक्षा त्यांच्याकडेच हिशेब सोपवावा. महिन्याच्या एका ठराविक तारखेला मीटरचा आकडा वहीत टिपणे, गिझर बंद झाल्याची खात्री करणे, फ्रीजचे रबर पाहणे, मागील बिलाशी ताळा घालणे ही कामे ज्येष्ठ मंडळी तरुणांपेक्षा चोख करतात. वाचवण्याची त्यांची ओढ योग्य जागी लागते आणि घरात आपला उपयोग आहे, हे समाधानही मिळते.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक यादी लिहून ठेवावी: रात्रीचा दिवा, उन्हाळ्यातला पंखा किंवा कूलर, कोमट पाणी, फ्रीज, गादीचा पंप, नेब्युलायझर आणि ऑक्सिजन. ही सात कामे बिलासाठी कधीही थांबवायची नाहीत, असे सर्वांनी मिळून ठरवावे. बाकी सर्व ठिकाणी आजोबांनी खुशाल बटणे बंद करीत फिरावे. तेवढेच चालणेही होईल.